अप्पांची कॉफी

दोन वर्षं घरात अप्पांची कॉफी बंद होती. उगाच झोप उडते, मग बडबडत बसतात, असं सलिलचं म्हणणं. त्या दिवशी मात्र हिंजवडीच्या ऑफिसला दांडी मारून त्याने वडिलांना स्वतःच्या हाताने दोन कप कडक कॉफी पाजली. हेमा नवऱ्याकडे बघतच राहिली.

अप्पांना चांगली तरतरी आली. भान शाबूत आहे का हे बघायला घरी आलेल्या वकिलांनी विचारलेला वार, तारीख, नातवाची इयत्ता, सगळं फाडफाड सांगून त्यांनी कोथरूडचा फ्लॅट मुलाच्या नावावर करणाऱ्या कागदांवर सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉफी मागितली.

"नको अप्पा, झोप उडते," लॅपटॉपमधून मान वर न काढता सलिल म्हणाला. हेमाला त्याची शिसारी आली.

"बरं," अप्पा म्हणाले, "पुढची सही कधी आहे?"