शेवटच्या डब्यातली गोणी

गाडी थांबली तेव्हा बाकीच्या सगळ्या गोण्या जागच्या जागी होत्या. शेवटच्या डब्यातली तेवढी एक दांड्याखालून निसटून सीटच्या खाली पडली होती.

"एकच ना?" कारभारी अण्णा म्हणाले. "चालतंय मग."

"नाही चालत, अण्णा," हर्षाली म्हणाली.

निफाडजवळची द्राक्षबाग मोडून अण्णांनी तिथे हा रोलर कोस्टर उभा केला होता. दिवाळीला उद्घाटन, तसे फलक हायवेवर लागले होते. भिंतीसारखा सरळसोट उतार याच इंजिनिअर बाईने आखून दिला होता. माणसं बसवायच्या आधी वाळूच्या गोण्या बसवून गाडी पळवतात, हेही तिच्याकडूनच कळलं. आधी अण्णांना गंमत वाटली. आता गोण्यांचे लाड बघून डोकं उठायला लागलं होतं.

हर्षालीने गोणी उचलून सीटवर ठेवली, वरची धूळ हाताने झटकली.

"पुढचे डबे खाली गेले की मागच्याला हिसका बसतो. माणूस सीटवरून उचलला जातो. मोठ्यांना मांडीवरचा दांडा धरून ठेवतो, हिला त्याने धरलं नाही. माथ्याच्या आधी ब्रेक घालावा लागेल."

"ब्रेक खाली हाय की! लागतील तेवढे वाढवा. वरतीच गाडी हळू केली तर पोटात गोळा कसा यायचा? लोकं काय हवा खायला चढतील?"

"खालचा ब्रेक गाडी थांबवतो. पडणाऱ्याला नाही. एकदा उतार लागला की आपण नुसतं बघत राहायचं असतं, अण्णा."

तिचा फिटर संतोष हातातला पाना उगाच पुसू लागला.

अण्णांनी गोणी निरखली. बाकीच्या एका मापाच्या, कोऱ्या. ही जुनी, दोनदा ठिगळ लावलेली, ना धड मोठी ना धड लहान.

"हे कुणाचं माप?"

"दहा वर्षांच्या मुलीचं."

"नियमात हाय?"

"नाही."

आता या बाईशी गोडीतच बोलायला हवं, हे अण्णांनी ओळखलं. "तुमची पोरगी असंल एवढी."

"सायली. माझ्या पहिल्या गाडीत बसायला आली होती. उंचीच्या पट्टीला चार बोटं कमी भरली. मीच उतरवलं तिला. म्हटलं, पुढच्या वर्षी."

"मग आता भरली असंल उंची. आणा तिला. पहिली फेरी तिची, फुकट."

हर्षाली जरा हसली. "शेवटचाच डबा हवा म्हणेल."

ब्रेक बसला. त्यात दिवाळी गेली. फलकांवर नवी तारीख चिकटवताना अण्णांनी हर्षालीच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली, पण तिच्या माघारी. समोर बोलायची त्यांची टाप नव्हती.

थंडीतल्या एका सकाळी गाडी पुन्हा माथ्यावर गेली, क्षणभर दबकली आणि उतारावरून सुटली. परत आली तेव्हा शेवटच्या डब्यातली गोणी दांड्याखाली नीट बसलेली होती. हर्षाली कंट्रोल केबिनमागे निघून गेली.

अण्णा खुशीत होते. नारळ बाजूला ठेवून स्वतःच गोण्या उतरवायला लागले. शेवटच्या डब्यापाशी आले तसा संतोष पुढे धावला.

"अण्णा, ती राहू द्या. ती ताईच उतरवतात."

"का? सोन्याची हाय का काय?" अण्णांनी गोणी उचललीच. "लय जड हाय रे."

"पहिल्यांदा भरली तेव्हा एवढी नव्हती. सायलीच्या वाढदिवसाला ताई गंगेवर जातात. अस्थी सोडल्या त्या काठावरची वाळू आणतात, आणि वाढत्या पोरीचं वजन वर्षाला वाढेल तेवढी हिच्यात घालतात."

अण्णा गोणी छातीशी धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती हळूच परत सीटवर ठेवली, ठिगळ लावलेली बाजू आत घेतली, दांडा खाली ओढून दोनदा हलवून पाहिला.

"नारळ मागून फोडू," ते केबिनमधल्या माणसाला म्हणाले. "आधी पोरीची फेरी होऊ दे."