सरबतातला बर्फ

ओटीवर ठेवलेला थर्मास उचलताना पॉलिनला तो हलका लागला. तिने बूच उघडलं. आत पोलिओच्या लसीची शेवटची कुपी होती, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. बर्फ गायब.

"मीच काढला, वितळलेलं पाणी फेकून दिलं," क्लाराकाकू कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी कोकम सरबताचा पेला पुढे केला. "भर उन्हात वटारला येऊन आमच्या पोरांना थेंब पाजलेत. नर्सबाईंना काय गरम सरबत द्यायचं?"

पेल्यात बर्फाचे खडे तरंगत होते. आणि बर्फाशिवाय या उन्हात लस खराब होणार होती. पाहुणचार म्हटला की या गावाला भान राहत नाही! खाडीकाठच्या कमळीचं बाळ अजून राहिलं होतं. सकाळी उधाणाने बांधावरची वाट बुडवली, म्हणून कमळीला लसीसाठी येता आलं नव्हतं. आता ओहोटी लागली होती. पण नवा बर्फ मिळणार तो वसई स्टेशनाजवळ, आणि एसटी थेट संध्याकाळी.

"पुढच्या महिन्यात द्या की," काकू ओशाळून म्हणाल्या.

"तिच्या थोरलीच्या वेळीही सगळे असंच म्हणाले होते."

त्या पोरीचा पोलिओने लुळा पडलेला पाय सगळ्या गावाला ठाऊक होता.

पॉलिनने पेला घेतला. घशाला कोरड पडली होती, तरी तिने एक घोटही घेतला नाही. सरबत बर्फासकट थर्मासात ओतलं, कुपी त्यात बुडवली आणि बूच दाबलं.

"अगं बाई, औषध सरबतात?"

"बर्फाचा एवढासा तुकडा असला तरी भागतं, काकू. बाहेरची उष्णता आधी त्याला वितळवत बसते. तो संपेपर्यंत पाणी तापत नाही."

ती तडक निघाली. पायाखाली चिखल, डोक्यावर एप्रिलचं ऊन. थोडं चाललं की ती थर्मास कानाशी धरून हलवी. आधी खडे चांगले खळखळत होते, मग एखादाच वाजू लागला. चपला रुतायला लागल्या तशा तिने त्या हातात घेतल्या. काहीही होवो, आज हे थेंब पोचलेच पाहिजेत.

कमळी दारातच उभी होती. "बाई, पानी वसरलं, आता निघनारच होते मी."

"बाळाला धर आधी."

बूच उघडलं. लाल सरबतात चिंचोक्याएवढा बर्फ तरंगत होता. पॉलिनला हायसं वाटलं. दोन थेंब बाळाच्या जिभेवर पडले. त्याने तोंड वाकडं केलं आणि गिळले.

मघापासून बघत असलेली थोरली भिंत धरत, पाय ओढत आली आणि थर्मासात डोकावली; तो तुकडाही आता वितळला होता.

"आता बर्फ व्हता ना? कुठं गेला?"

पॉलिनने तिला जवळ घेतलं.

"तुझ्या भावाच्या पायांत गेला."