दारावरचा माणूस

रामहरीने चपला काढल्या, पण उंबऱ्यापाशी येऊन तो थांबला. आत, समोरच्या भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून शंकरप्पा बसला होता.

काल संध्याकाळी शंकरप्पाला दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हापासून माणसं येत होती. मैंदर्गीचे भाऊबंद आले, गिरणीतले जुने सोबती आले. जो तो त्याच्या पाया पडून बाजूला बसे. त्याच्या बहिणीने, निंगव्वाने, सकाळीच त्याला अंघोळ घालून नवं धोतर नेसवलं होतं, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले होते. छातीवरून घेतलेलं नवं उपरणं खांद्यांवरून मागे गेलं होतं. पाठ ताठ होती. विलायतेत तो दारावर असाच ताठ उभा राहायचा, असं तालमीतला दोस्त अण्णाराव आल्यागेल्याला सांगत होता.

शंकरप्पा सोलापुरातून तिकडच्या एका कापड गिरणीत कामाला गेला, तेव्हा त्याची मुलगी महादेवी पाच वर्षांची होती. आठवडाभर तो मागावर असे, आणि शुक्रवारी-शनिवारी रात्री एका नाचाच्या क्लबाच्या दारावर. पिऊन आलेल्याला, दंगा करणाऱ्याला आत सोडायचं नाही, एवढंच काम. शरीर तालमीतलं होतं, त्यामुळे ते लगेच मिळालं. दोन पैसे जास्तीचे येतात, असं तो सांगे. खरं तर त्या दोन संध्याकाळी त्याला खोलीत बसवत नसे.

काळा कोट आणि गळ्याला बो अशा वेशातला त्याचा फोटो घरात लागला. गल्लीला वाटलं, शंकरप्पा मोठ्या हॉटेलात साहेब झाला. खरं काय ते अण्णारावला माहीत होतं. तो तोंडावर म्हणायचा, "तुझ्यापरीस नंदी बरा की रं. देवळाभाईर बसतो, पर त्याला आतलं दिसतं तरी. तुझी पाठच आत."

कमलम्मा गेली तेव्हाही तो तिकडेच होता. बायको गेल्याचं त्याला कळलं तोवर इकडे सगळं उरकलं होतं. महादेवीला निंगव्वाने वाढवलं. तो कायमचा परत आला तेव्हा मुलगी कॉलेजात होती. एका घरात दोघं राहत, आणि जेवायला वाढू का, एवढंच बोलणं होई. एकदाच तिने विचारलं होतं, की तिथे गोऱ्यांशी बोलायचात कसं.

"दारावरच्या माणसानं बोलायचं नसतंय," तो म्हणाला होता. "हात पुढं केला, की समोरच्यानं थांबायचं. न्हाय केला, तर आत जायचं."

"आणि तुम्ही? तुम्ही कधी आत गेलात?"

"दारावरच्याला कोण आत घेतंय?"

महादेवी अकलूजला शाळेत शिकवू लागली. तिथल्या साखर कारखान्यातल्या रामहरीशी, मराठ्याच्या मुलाशी, तिने रजिस्टर लग्न केलं. पेढ्यांचा पुडा घेऊन दोघं पाया पडायला आली, तेव्हा शंकरप्पा दारातच उभा होता. तिला त्याने वाट दिली. मग उजवा हात पुढे केला. तळवा रामहरीच्या छातीपासून चार बोटांवर थांबला, लागला नाही.

त्यानंतर ती एकटीच आत यायची. रामहरी एसटी स्टँडवर चहा पीत थांबायचा. ती निघाली, की शंकरप्पा दरवेळी तेच विचारायचा. "लांबचा रस्ता हाय. एकटीच जातीस का?"

"नाही."

मग तो मान हलवायचा. बरं असं त्याला म्हणायचं असायचं, की दुसरं काही, ते तिला कधी कळलं नाही. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून तिने अनेकदा तोंड उघडलं. अप्पा, त्यांना आत येऊ द्याल का, एवढंच विचारायचं होतं. प्रत्येक वेळी पाणी देऊ का, असंच तिने विचारलं.

आज तिनेच अकलूजला निरोप पाठवून रामहरीला बोलावून घेतलं होतं.

ओसरीवर भजनवाले टाळ घेऊन बसले होते. जन्मभर गाणं आत आणि शंकरप्पा बाहेर. आज गाणं बाहेर होतं आणि तो आत.

रामहरीला पाहून आतली कुजबुज थांबली. मैंदर्गीच्या एका भावाने घसा खाकरला. निंगव्वाने पदर सावरत महादेवीकडे पाहिलं. "अकलूजास्नं आलं का विलायतेस्नं?" ती हळूच म्हणाली. "इत्का उशीर."

महादेवी उठून शंकरप्पाच्या शेजारी गेली, त्याच्या कानाशी वाकली.

"अप्पा, हे आलेत. दारात उभे आहेत."

शंकरप्पा काही बोलला नाही. तसा तो कधीच बोलत नसे. डोळे अर्धवट मिटलेले होते. उजवा हात मांडीवर होता. रामहरी त्या हाताकडे बघत राहिला. महादेवीही बघत होती. भाऊबंदही बघत होते.

हात पुढे झाला नाही.

"झालं की," अण्णाराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्यानं अडवलं न्हाय. आता दुसऱ्या कुणी अडवायचं काम न्हाय. या पावणं, आत या."

रामहरीने उंबरा ओलांडला. शंकरप्पाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. भाऊबंदांपैकी एकाने सरकून जागा केली.

अण्णाराव उठला. "मठामागचा खड्डा खणून झालाय," तो म्हणाला. "पावणं, बसवूनच न्यायचंय, तुमी उजव्या हाताकडनं धरा." मग त्याने भिंतीतल्या खुंटीला बांधलेली उपरण्याची गाठ सोडली, आणि शंकरप्पाची मान जावयाच्या खांद्यावर कलंडली.