उसना गुडघा

पाय काकांचा होता आणि विव्हळत होत्या काकू.

फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून पलंगाच्या पायथ्याशी उभा केला होता. त्यात दिसत होते ते फक्त गाऊनखालचे दोन पाय. गाऊन काकूंचा. पाय दाढीच्या ब्लेडने गुळगुळीत केलेले, एका गुडघ्यावर पांढरी पट्टी. बाजूच्या खुर्चीत काकू बिस्किट खात बसल्या होत्या आणि गुडघा वाकला की वेळेवर "आई गं" म्हणत होत्या. एकदा घाईत पाय हलायच्या आधीच म्हणाल्या.

"छान, काकू," फोनमधली फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "टाच अजून मागे ओढा."

काकूंचा नवा गुडघा उशीवर आराम करत होता. शहरात तापाची साथ शिरली त्याच आठवड्यात तो बसवला होता. तापाच्या पेशंटना खाटा हव्या होत्या, म्हणून टाके ओले असतानाच इस्पितळाने काकूंना घरी धाडलं; व्यायाम रोज फोनवरून करून घ्यायचे ठरले. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, गुडघा आत्ताच वाकवला नाही तर जन्मभर ताठ राहील, आणि मग भूल देऊन वाकवायचा म्हटलं तरी सध्या खाट नाही. काकूंनी घरी आल्यावर एकदा वाकवून पाहिला. ब्रह्मांड आठवलं.

"तुमचे गुडघे धड आहेत ना? मग तुम्हीच करा," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. काकांनी विरोध केला नाही. ती सवय लग्नानंतर लवकरच सुटली होती.

दुसऱ्या दिवशी व्यायाम बघता बघता फिजिओथेरपिस्ट थांबली. मास्कच्या वर तिचे फक्त डोळे दिसत होते. "एक सांगू का, काकू? तुमचे पाय फार सुंदर आहेत."

काका गाऊनमध्ये लाजले.

मग हे रोजचंच झालं. घोटे काय, पोटऱ्या काय. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते पायांना तेल चोळू लागले, नखं घासू लागले, फोन यायच्या कितीतरी आधी गाऊन घालून तयार राहू लागले. एकदा आरशासमोर एक पाय पुढे काढून उभे असताना काकूंनी त्यांना पकडलं.

"माझ्या पायांना कधी चांगलं म्हणालात का हो?"

"अगं, मी कुठे म्हणतोय? ती म्हणते. शिकलेली मुलगी आहे, ती काय उगाच बोलेल?"



"अशी पोटरी मी आजवर पाहिली नाही," दुसऱ्या दिवशी फोनमधून आवाज आला. काकूंनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"सरका."

"अगं, फोन चालू आहे," काका कुजबुजले.

"सरका म्हणते ना. नाव माझं, आणि मिरवताय तुम्ही."

पडद्यावर सुजलेला, मधोमध टाक्यांची लांब शिवण असलेला पाय आला. टाच मागे सरकली. या वेळची "आई गं" खालच्या मजल्यापर्यंत गेली.

फिजिओथेरपिस्टने काही विचारलं नाही. कौतुकही केलं नाही. "अजून थोडा, काकू," एवढंच म्हणाली. कौतुक मिळेपर्यंत काकू हटणार नव्हत्या. त्या रोज रडत, तिला आणि नवऱ्याला शिव्या घालत टाच ओढत राहिल्या. काका उशी धरण्यापुरते उरले.

शेवटच्या फोनला काकू हात न टेकता खुर्चीतून उठल्या, खोलीभर चालल्या आणि अपराधी चेहऱ्याने फोनसमोर आल्या.

"पोरी, सुरुवातीचे पाय माझे नव्हते गं."

"माहीत आहे. पट्टी कधी उजव्या गुडघ्यावर असायची, कधी डाव्या." तिच्यामागून एक स्ट्रेचर गेलं. ती क्षणभर तिकडे बघत राहिली. "तेव्हा रागावले असते तर तुम्ही फोनच बंद केला असता. आणि माझी ड्युटी तापाच्या वॉर्डात आहे, काकू. इथे रोज हात टेकावे लागतात. म्हटलं, एक गुडघा तरी वाचवू."

काकूंना भरून आलं. काकांना मात्र वेगळीच काळजी पडली होती. ते काकूंच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावले.

"पण पायांबद्दल जे म्हणायचीस, ते?"

"ते औषध होतं, काका," ती म्हणाली. "काकूंसाठी."