पाठमोरी संत

असीरगडावर ख्रिस्ती संत क्लारावरच्या सिनेमाचं शूटिंग होतं. देवासाठी केस कापून घर सोडण्याचा प्रसंग आला, तेव्हा नटी घर सोडायला तयार होती, केस कापायला नव्हती. म्हणून गडाजवळच्या लालबागमधल्या हिमानीला तिच्या जागी पाठमोरं बसवलं आणि तिचे गुडघ्यापर्यंतचे केस खरेखुरे कापले. "सिनेमा लागेपर्यंत घरीसुद्धा बोलायचं नाही. शेवटी पडद्यावर तुझं नाव येईल," दिग्दर्शक म्हणाला. हिमानीनं घरी फॅशनचं कारण सांगितलं आणि आईचा महिनाभराचा अबोला सोसला.

सिनेमा लागला, तशी तीच आईला आग्रहानं टॉकीजमध्ये घेऊन गेली. पडद्यावर कात्री चालली. त्या केसांना वीस वर्षं तेल लावणाऱ्या आईनं पदर डोळ्यांना लावला, मग पडद्याला हात जोडले. शेवटची नावं सरकून संपली. त्यांत हिमानी नव्हती. ती आईच्या कानाशी लागून म्हणाली, "आई, ते केस माझे होते."



"चूप बस! त्या बाईनं देवासाठी बाल दिले, अन् तुला त्याच्यातबी हिस्सा पाहिजे?"