तिसरी पट्टी

"निसर्गाला जी स्ट्रॉबेरी अर्धवट जमली, ती मी पुरी केली!" निरोपसमारंभात सुगंधतज्ज्ञांनी छाती फुगवून जाहीर केलं. एस्टर या वासाच्या रसायनांचे थेंब मोजून आइस्क्रीमसाठी स्ट्रॉबेरीचा वास जुळवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. सहकाऱ्यांनी लगेच त्यांचे डोळे बांधले आणि वासात बुडवलेल्या कागदाच्या तीन पट्ट्या एकेक करून नाकापुढे धरल्या.

पहिल्या दोन त्यांनी क्षणात ओळखल्या. त्यांच्याच हातच्या होत्या. तिसरीला मात्र नाक मुरडलं. "ही कुण्या नवशिक्याची. वासात दमच नाही. फेकून द्या."

"सर, तो खऱ्या स्ट्रॉबेरीचा रस आहे," त्यांची सहायिका चाचरत म्हणाली.

सगळ्यांबरोबर तेही हसले, पण घरी पोचेपर्यंत चेहरा पार उतरला होता. "भर सभेत नाक कापून घेतलं गं," ते बायकोला म्हणाले. "आता या नाकावर कोण भरवसा ठेवणार?"

"का? मी ठेवते ना!" बायको ठसक्यात म्हणाली आणि हाताला धरून त्यांना ओट्याशी घेऊन गेली. त्यांचा ऊर भरून आला.

 

तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. "सकाळचं दूध आहे. नासलंय का, तेवढं सांगता?"