वरचा रस्ता

"खालचा रस्ता शिकागोवरून जातो," मी नकाशावर बोट ठेवून म्हणालो, "आणि शिकागोत तुझी सुलभामावशी राहते."

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. टोरांटोहून व्हँकूव्हरला मोटरहोमने जायचं, असं आम्ही वर्षभर घोकत होतो. पण मावशीच्या गावावरून गेलो आणि घरी डोकावलो नाही, तर ती जन्मभर ऐकवणार. डोकावलो, तर नातवाच्या मुंजीचा अख्खा व्हिडिओ. मागच्या दोन्ही भेटींत आम्ही तो घाणा भरण्यापासून भिक्षावळीपर्यंत पाहिला होता.

"मग वरच्या रस्त्याने जाऊ," ती म्हणाली. "कॅनडातूनच. नुसतं तळं आणि झाडं. नातेवाईक एकही नाही."

एवढ्यावर थांबायचं ना! पण मावशीला वाईट वाटू नये म्हणून हिने फोनवर त्या रस्त्याचं काय वर्णन केलं! समुद्राएवढं तळं, लालभडक मेपल, रस्त्यात उभी राहून गाड्या न्याहाळणारी मूस हरणं. ऐकताना मलाही भरून आलं.

मावशीलाही आलं. "एवढं सुंदर आहे होय? मग मीच येते तुमच्याबरोबर. मुलगा सोडेल मला सीमेवरच्या पुलापर्यंत."

गाडी तळ्याच्या काठाला लागली, तेव्हा मावशी मागच्या सोफ्यावर मांडी घालून बसली होती. गाडीतला टीव्ही तिने आल्या आल्या हेरला होता. पर्समधून पेनड्राइव्ह निघाला.

"ते पडदे ओढून घे गं," ती माझ्या बायकोला म्हणाली. "उजेडात बटू नीट दिसत नाही."